'विकणे आहे'

वर्तमानपत्रातले छोट्या जाहिरातींचे पान आमच्या लहानपणी कुणी नोकरीसाठी वाचत असे, कुणी जागेसाठी, कुणी मुलीच्या लग्नासाठी, आणि ज्यांना यातले काहीच नको असे ते निव्वळ करमणूक म्हणून. मी ते पोटासाठी वाचू लागलो. १९७२ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, गिरगावातल्या एका जाहिरात संस्थेत मला नोकरी लागली. संस्था म्हणायचे इतकेच. प्रत्यक्षात ती एका चाळीच्या जिन्याखालची जागा होती. एक लाकडी फळी, तिच्यामागे मी, माझ्यामागे मालक आणि त्यांच्यामागे गणपतीची तसबीर. लोक मजकूर घेऊन येत. तो वाचायचा, शब्द मोजायचे, पैसे सांगायचे, पावती फाडायची आणि संध्याकाळच्या आत वेगवेगळ्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पोचवायचा. हे काम मी २० वर्षांहून अधिक काळ केले. आज मी तुम्हांला त्या पानावरच्या एकाच प्रकारच्या जाहिरातीविषयी सांगणार आहे. ती जाहिरात जुन्या मोटारीची.

शब्दाला पैसे पडत, म्हणून गिऱ्हाईक शब्द कमी करायला बघे. काटछाट करता करता शेवटी जे उरे ते 'विकणे आहे'. मराठीत हा एक गमतीचा प्रयोग आहे. कोण विकतो ते नाही, का विकतो ते नाही. जणू गाडी आपणहून विकायला निघाली आहे! व्याकरणाच्या मास्तरांना काय वाटेल ते वाटो, पण माणसाला आपली वस्तू विकताना जो संकोच होतो तो या दोन शब्दांत बरोबर झाकला जातो. शेजाऱ्याला कळू नये, पण गिऱ्हाइकाला कळावे, अशी ती सोय होती. जास्तच संकोच असेल तर बॉक्स नंबर घेता येई. उत्तरे वर्तमानपत्राच्या पत्त्यावर यायची आणि तिथून मालकाकडे जायची. यात आठ-दहा दिवस सहज जात.

त्या काळातली ठरीव जाहिरात अशी असे: 'फियाट, १९६६, डॉक्टरांची, एकहाती, उत्तम स्थितीत विकणे आहे.' आठ शब्द. (अंक हा एक शब्द धरायचा, यावरून रोज एक तरी भांडण होई.) आता यातला प्रत्येक शब्द काय काम करतो बघा. फियाट म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ११००. 'डॉक्टरांची' म्हणजे रोज थोडीच चाललेली आणि वेळच्या वेळी दुरुस्त केलेली, कारण डॉक्टरला रात्री-अपरात्री व्हिजिटला जाताना गाडी बंद पडून चालत नाही. 'एकहाती' म्हणजे पहिल्याच मालकाकडची. इंग्रजी आणि गुजराती वर्तमानपत्रांसाठी मजकूर असेल तर 'पारशी मालकाची' हा आणखी एक हुकमी शब्द. दादरच्या पारशी कॉलनीत रविवारी सकाळी सदऱ्याच्या बाह्या दुमडून मडगार्ड पुसणारे बावाजी ज्याने पाहिले आहेत, त्याला या शब्दाची किंमत सांगावी लागत नाही. मला मात्र गंमत वाटे, की जाहिरातीतल्या पारशी मालकांच्या गाड्यांची संख्या पाहिली तर मुंबईतला प्रत्येक पारशी दर वर्षी दोन गाड्या विकत असला पाहिजे. 'उत्तम स्थितीत' हे दोन शब्द काही काम करत नसत. ते सगळ्याच जाहिरातींत असत, म्हणून ते कुणी वाचत नसे. पण ते गाळले तर गिऱ्हाईक बिचकायचे.

तुमच्या लक्षात आले असेल, की वरच्या जाहिरातीत किंमत नाही. का नाही? आपण किंमत आधी सांगितली तर घासाघीस करायला जागा राहत नाही, असे उत्तर काउंटरवर मिळे. ते खरे कारण नव्हते. खरे कारण टंचाई. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, १९५४ पासून तिथे फियाट ११०० बनू लागली. सुरुवातीच्या, फुगीर पाठीच्या त्या मॉडेलला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असे प्रेमाने नाव दिले. इकडे कलकत्त्याजवळच्या उत्तरपाऱ्यात हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बॅसडर. बाहेरून गाड्या आणायला जवळजवळ बंदी आणि कारखान्यांनी किती गाड्या काढायच्या यावर परवान्याची मर्यादा. १९५९ साली केंद्र सरकारने मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. नवी गाडी नंबरानेच मिळणार, आणि मिळाल्यावर ठरावीक मुदतीच्या आत परवानगीशिवाय विकायची नाही, असा तो कारभार. फियाटसाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत. घरात मुलगा जन्मला तेव्हा नोंदवलेली गाडी तो शाळेत जाऊ लागल्यावर आली, अशा गोष्टी आम्ही चेष्टेने नव्हे तर हेव्याने ऐकत असू.

परिणाम असा, की नव्या गाडीची सरकारी किंमत कमी आणि लगेच हातात येणाऱ्या जुन्या गाडीची किंमत तिच्याहून जास्त. हा आकडा छापायचा कसा? छापला तर मालकाची लाज आणि वर प्राप्तिकर खात्याची भीती. म्हणून किंमत तोंडी, आणि तीही निम्मी टेबलावर, निम्मी टेबलाखाली. हे तुम्हांला एवढ्यासाठी सांगतो, की जाहिरात कशी असावी हे जाहिरात लिहिणाऱ्याच्या हुशारीवर कमी आणि माल किती दुर्मीळ आहे यावर जास्त ठरते. ज्याच्या दारात गिऱ्हाईक रांग लावून उभे आहे, त्याने गुणवर्णन कशाला करावे? आठ शब्द पुष्कळ झाले.

वाहनाची जाहिरात ही काही मोटारीबरोबर मुंबईत आली नाही. १७९० साली सुरू झालेल्या 'बॉम्बे कुरियर' या इंग्रजी पत्रात घोडे, बग्ग्या, पालख्या यांच्या लिलावाच्या सूचना असत. फर्दुनजी मर्झबान यांनी १ जुलै १८२२ रोजी सुरू केलेल्या 'मुंबई समाचार'च्या सुरुवातीच्या अंकांतही व्यापाराच्या, जहाजांच्या आणि मालविक्रीच्या सूचनांचाच भरणा. म्हणजे आपल्याकडचे वृत्तपत्र विचारांच्या आधी विक्रीसाठी जन्मले, असे म्हटले तर संपादक मंडळींनी रागावू नये. आखातातून मुंबईत अरबी घोडे येत, भेंडीबाजाराच्या बाजूला त्यांचे तबेले असत. घोडा विकत घेणारा दात बघे, खूर बघे, त्याला पळवून बघे, आणि तरीही फसे. मोटार आल्यावर दातांऐवजी प्लग आणि खुरांऐवजी टायर, एवढाच फरक पडला.

पण एक गोष्ट मला काउंटरवर बसल्यावर हळूहळू उमगली. नव्या मोटारीची जाहिरात आणि जुन्या मोटारीची जाहिरात या दोन निरनिराळ्या जातींच्या गोष्टी आहेत. नव्या गाड्या सगळ्या सारख्या. एका जाहिरातीवर हजार विकता येतात, म्हणून तिच्यासाठी अर्धे पान घेता येते, चित्रकार लावता येतो. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर मुंबई, पुणे, नागपूर इथून जाहिराती सुरू झाल्या तेव्हा टूथपेस्टपासून बामपर्यंत सगळ्यांची गाणी झाली. जुन्या फियाटचे गाणे कुणी केले नाही, कारण जुनी फियाट एकच असते. १९६६ सालच्या, एकाच दिवशी कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन गाड्या सहा वर्षांनी एकसारख्या राहत नाहीत. एक शिवाजी पार्कच्या सावलीत उभी राहते, दुसरी वरळीच्या खाऱ्या वाऱ्यात. तिचे मडगार्ड बोटाने टोचले तर बोट आत जाते. तेव्हा जुन्या गाडीची जाहिरात ही त्या एकाच गाडीविषयी असली पाहिजे. तशी ती नसेल, तर ती जाहिरात नसून नुसती हाक आहे.

हे काम आठ शब्दांत होत नसे. ते रविवारी सकाळी होई. शनिवारी मजकूर जाई, रविवारी छापून येई आणि सात वाजता गिऱ्हाईक दारात. बरोबर लालबागचा किंवा परळचा एखादा मिस्त्री, रोजचा कारखाना बंद म्हणून मोकळा. हा माणूस एक शब्द बोलत नसे. दारे उघडून सोडून द्यायची, ती कशी लागतात ऐकायचे. गालिचा उचलून पत्रा बघायचा. इंजिन चालू करून सायलेन्सरमागे उभे राहायचे. धूर निळा आला तर तेल जळते आहे, म्हणजे रिंगा गेल्या. मग गाडी मलबार हिलच्या चढावर न्यायची, आणि दुसऱ्या गिअरमध्ये ती कशी कण्हते ते ऐकायचे. मीटरवर कुणी फारसा विश्वास ठेवत नसे. बऱ्याच गाड्यांचे मीटर पाच आकडी होते. लाखाला पोचले की पुन्हा शून्य, आणि ज्यांना तेवढी वाट पाहायची नव्हती त्यांच्यासाठी मीटर मागे फिरवून देणारे कसबी कारागीर होतेच. मिस्त्री मीटरऐवजी ब्रेकच्या पायडलचे रबर बघे. वीस हजार मैलांत रबर गुळगुळीत होत नाही. त्या मिस्त्रीला मिळणारे दहा-पंधरा रुपये हाच सगळ्या व्यवहारातला खरा जाहिरात खर्च होता, असे माझे मत आहे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या मारुती ८०० च्या किल्ल्या ग्राहकांच्या हाती आल्या आणि हा जुना संसार मोडायला सुरुवात झाली. १९९३ साली मोटार उद्योगावरचा परवाना गेला. कर्ज सहज मिळू लागले. गाडीसाठी थांबण्याचे दिवस संपले आणि जुनी गाडी घेणारा राजा झाला. आता तो विचारू लागला: तुमचीच का घेऊ? आठ शब्दांना या प्रश्नाचे उत्तर देता येईना. माझ्या धंद्याचेही तेच झाले. पण त्याविषयी मी फार बोलत नाही, रडगाणे होईल.

याच वेळी माझ्या भाच्याने लालबागला जुन्या गाड्यांचा व्यवसाय सुरू केला. त्या भागात गिरण्या बंद पडत होत्या आणि गल्ल्यांतून गॅरेजे उघडत होती. एका गॅरेजच्या पुढ्यात चार गाड्या उभ्या राहतील एवढी जागा त्याने घेतली. १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले होते. २००० च्या सुमाराला ऑटोमार्टइंडियासारखे उपक्रम आले, २००१ मध्ये मारुतीने 'ट्रू व्हॅल्यू' ही जुन्या गाड्यांची स्वतःची दुकाने काढली, २००५ मध्ये 'कारवाले' हे संकेतस्थळ निघाले. भाचा चलाख. तो म्हणाला, 'मामा, तुम्ही आयुष्यभर जाहिराती लिहिल्यात. आता माझ्या लिहा. इथे शब्दाला पैसे नाहीत.'

शब्दाला पैसे नाहीत! मला आधी खरेच वाटेना. हव्या तेवढ्या ओळी, वर फोटो, तेही रंगीत. मी उत्साहाने लिहायला बसलो आणि माझ्या लक्षात आले की मला लिहायला काही सुचत नाही. इतर दुकानदारांच्या जाहिराती पाहिल्या. शब्द फुकट मिळाल्यावर त्यांनी काय केले होते? 'उत्तम स्थितीत' हेच चार वेळा लिहिले होते. 'एकदम कडक', 'शोरूम कंडिशन', 'बघाल तर घ्याल'. शब्द वाढले, माहिती तेवढीच. फोटो तर एकाच गाडीचे, आणि तेही पॉलिश मारून, समोरच्या डाव्या कोपऱ्यातून. जुन्या गाडीची नव्यासारखी जाहिरात. मीही तसेच लिहू लागलो. खोटे सांगत नाही, मजा येत होती.

मग २६ जुलै २००५ आला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तिकडे कुलाब्याला शंभर मिलिमीटरसुद्धा नाही. कलिना, कुर्ला, मिठीच्या काठचा सगळा भाग पाण्याखाली आणि दक्षिण मुंबईत लोक छत्र्या झाडत घरी आलेले. उपनगरांत हजारो गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पुढच्या काही महिन्यांत त्या गाड्या वाळल्या, धुतल्या गेल्या, आतून नवी कव्हरे ल्यायल्या आणि बाजारात आल्या. त्यातली एक भाच्याकडे आली. ती कलिन्याची होती, हे त्याला ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. नंबरच अंधेरीचा, एमएच-०२.

जाहिरात मी लिहिली. पहिला मालक, कमी चाललेली, सर्व्हिसची पावती आहे, इन्शुरन्स चालू, नवीन सीट कव्हर, नवीन बॅटरी. यातला शब्द न् शब्द खरा होता. पाण्याचा उल्लेख नव्हता, पण तो करा असे मला कुणी सांगितलेही नव्हते. मनातल्या मनात मी ती जुनी सबब पुढे केली, की जाहिरात संस्था मजकुराला जबाबदार नाही. आमच्या पावतीवर हे वाक्य छापलेलेच असायचे.

गाडी दादरच्या एका शिक्षकाने घेतली. पहिली गाडी, वडिलांना डायलिसिसला न्यायचे म्हणून घेतलेली. चार महिन्यांत तिची वायरिंग बोलू लागली. आधी काचा वर-खाली होईनात, मग दिवे, मग एके सकाळी गाडी चालूच होईना. त्या दिवशी त्यांना वडिलांना टॅक्सीत घालून न्यावे लागले आणि उशीर झाला. संध्याकाळी ते गॅरेजवर आले. मी योगायोगाने तिथे होतो. आरडाओरडा होईल या तयारीने भाचा पुढे झाला. त्यांनी आवाज चढवला नाही. खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझी जाहिरात, छापून घेतलेली. ते मला म्हणाले, 'काका, मी हे तीनदा वाचलं. यात खोटं काय आहे ते मला सापडत नाही. तुम्ही दाखवता का?'

मी त्यांना काय दाखवणार होतो? मी वीस वर्षे शब्द मोजले होते. न लिहिलेले शब्द मोजायची मला सवय नव्हती.

गाडी परत घेतली गेली. भाच्याने आधी का-कू केले, पण त्याच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, त्याला दोन दिवस जेवायला वाढले नाही, तेव्हा घेतली. पैसे सगळे नाही, बहुतेक परत गेले. त्या गाडीचे सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढले तेव्हा आतल्या टोकाला चिखलाची स्वच्छ रेघ होती, अगदी फूटपट्टीने ओढावी तशी. बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचे कुणालाच सुचले नव्हते. स्टेपनीच्या खोबणीत गाळ, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले. लालबागच्या जुन्या मिस्त्रीने हे दोन मिनिटांत पकडले असते. पण फोटो बघून येणारे गिऱ्हाईक मिस्त्री आणत नाही. त्याला वाटते, आपण सगळे आधीच पाहिले आहे.

२००१ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल जॉर्ज अकेरलॉफ यांना आणखी दोघांबरोबर मिळाले, तेव्हा त्यांच्या एका निबंधाविषयी मी वाचले होते. त्याचा विषयच जुन्या मोटारींचा बाजार. तेव्हा नुसते हसून सोडून दिले होते. आता पुन्हा शोधून वाचले. अमेरिकेत बिघडक्या गाडीला 'लेमन', म्हणजे लिंबू म्हणतात. अकेरलॉफ म्हणतात, गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधली किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो गाडी विकायचीच नाही असे ठरवतो. बाजारात उरतात ती लिंबे. मग किंमत आणखी उतरते, आणखी काही बऱ्या गाड्या बाहेर पडतात. असे होत होत बाजारच बसू शकतो. म्हणजे लबाड विक्रेता फक्त गिऱ्हाइकाला बुडवत नाही, प्रामाणिक विक्रेत्यालाही बुडवतो. हा निबंध तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. त्यातल्या दोघांना तो फारच क्षुल्लक वाटला. चौथ्याने १९७० साली छापला. १९६७-६८ चे एक वर्ष हे गृहस्थ दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते आणि निबंधात आपल्याकडच्या सावकारीचेही उदाहरण आहे. त्यांनी त्या वर्षी मुंबईत येऊन एक रविवार आमच्या मिस्त्रीबरोबर काढला असता तर निबंध लवकर छापला गेला असता, असा माझा समज आहे.

त्यानंतर मी भाच्याला सांगितले, जाहिराती लिहीन, पण माझ्या पद्धतीने. पहिली ओळ गाडीच्या दोषाची. 'डाव्या मागच्या दाराला पोचा, रंग पुन्हा मारलेला.' त्या पोच्याचा फोटो, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून, म्हणजे पोचा केवढा ते कळावे. मीटरचा फोटो, टायरचा फोटो, इंजिनाचा न धुतलेला फोटो. नोंदणीचा महिना आणि वर्ष, कितवा मालक, कर्जाचा बोजा उतरला आहे की नाही, इन्शुरन्स कुठल्या तारखेपर्यंत. किंमत आकड्यात. भाचा म्हणाला, 'मामा, दुकान बंद करायचंय का?'

पहिल्या महिन्यात फोन खरेच कमी झाले. पण जे आले ते गाडी बघायला म्हणून नव्हे, घ्यायला म्हणून आले. आधी दहा जण येत, पोचा पाहून नाक मुरडत, त्या पोच्यावरून पाच हजार पाडून मागत आणि निघून जात. आता पोचा माहीत असलेलाच माणूस येई. त्याला भांडायला मुद्दाच उरत नसे. उलट तो म्हणे, फोटोत दिसतो त्यापेक्षा लहानच आहे की! दोष आधी सांगितला की उरलेल्या गोष्टींवर लोक विश्वास ठेवतात, हे मला जिन्याखाली वीस वर्षे बसून कळले नव्हते. भाच्याला ते सहा महिन्यांत कळले, कारण पैसे त्याचे होते.

एक गोष्ट मात्र त्याला शिकवायला मला दोन वर्षे लागली. गाडी विकली गेली की जाहिरात काढून टाकायची. वर्तमानपत्रातली जाहिरात दुसऱ्या दिवशी आपोआप मरते, तिच्यात वडे बांधले जातात. पडद्यावरची जाहिरात कुणी मारल्याशिवाय मरत नाही. पुष्कळ दुकानदार विकलेली चांगली गाडी मुद्दाम तशीच ठेवतात. फोन आला की 'ती आत्ताच गेली साहेब, पण दुसरी आहे' म्हणायला बरे. बदलापूरहून लोकलने आलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवून बघा. तो दुसरी गाडी बघतो जरूर, पण तिच्याविषयी तुम्ही जे सांगता ते त्याच्या कानात शिरत नाही.

कागदपत्रांची गोष्ट रुक्ष आहे, पण तीही जाहिरातीचाच भाग झाली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पूर्वी गाडी दुकानदाराला देताना मालक हस्तांतरणाच्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून मोकळा होई. गाडी चार हात फिरली तरी ताडदेवच्या आरटीओत नाव त्याचेच. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ज्याचे नाव नोंदीत आहे तोच कायद्याने मालक, गाडी त्याने कधीच विकलेली असली तरी अपघाताच्या भरपाईचा भार त्याच्यावर येतो. कितीतरी निवृत्त माणसांची झोप या निकालाने उडाली असेल. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नियम केले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला आरटीओचे अधिकारपत्र लागते, गाडी ताब्यात घेतल्याची नोंद करावी लागते आणि तेव्हापासून ती विकली जाईपर्यंत तोच मालक मानला जातो. भाच्याने अधिकारपत्राचा क्रमांक प्रत्येक जाहिरातीत घालायला सुरुवात केली. शिवाय आता गाडीच्या नंबरवरून नोंदणीची तारीख, इन्शुरन्स, बोजा हे कुणालाही मोबाइलवर पाहता येते. तेव्हा नंबरप्लेटवर फडके टाकून काढलेला फोटो पाहिला की शहाणा माणूस पुढे सरकतो. झाकण्यासारखे काही नसेलही. पण फडके आहे ना!

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली. शेवटची २००३ साली नोंदलेली होती, तिची २० वर्षांची मुदत भरली. त्यानंतर काही दिवसांनी दादरच्या हिंदू कॉलनीतून मला एका बाईंचा फोन आला. त्यांचे यजमान डॉक्टर होते. खाली १९८५ सालची पद्मिनी उभी, दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेतलेली. आता चालवणारे कुणी नाही. मी जाऊन पाहिली. हातगिअरची, फिकट निळी. डॉक्टरांची, एकहाती. पन्नास वर्षे जे दोन शब्द मी डोळे झाकून लिहीत आलो, ते या वेळी अक्षरशः खरे होते.

मी त्यांना म्हटले, 'वहिनी, दोष काय काय आहेत ते आधी सांगा.' त्यांनी बराच विचार केला. म्हणाल्या, 'दुसरा गिअर सुटतो. हे त्याच्यावर हात धरून चालवायचे. ते लिहा.' मी ते पहिल्या ओळीत लिहिले. भाच्याच्या मुलाने फोटो काढून जाहिरात चढवली. 'पद्मिनी' म्हटल्यावर हळहळणारे, आठवणी सांगणारे, फोटो मागणारे पुष्कळ फोन आले. नवव्या दिवशी सावंतवाडीहून एका गृहस्थांचा आला. त्यांनी किंमत विचारली नाही, ती लिहिलेलीच होती. त्यांनी विचारले, 'दुसरो गिअर गाडी तापल्यार सुटता, की थंडही सुटता?'

मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, 'तापल्यावरच. थंड असताना कधी नाही.' मी तसे कळवले. शनिवारी रात्रीच्या गाडीने ते आले, बरोबर एक मिस्त्री घेऊन.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)